न घेतलेल्या कर्जाची थकबाकी: पॅनच्या गैरवापराचं पुण्यातलं एक प्रकरण

मी कोथरूडमध्ये कर सल्लागार म्हणून काम करतो. पुढे मांडलेलं प्रकरण २०२५ सालच्या जून ते सप्टेंबर या काळातलं आहे. संबंधित कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. नावं, नोकरीचे तपशील आणि काही रकमा बदलल्या आहेत. बँक, बिल्डर आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या यांची नावं घेतलेली नाहीत. निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण शिकण्यासारखं जे काही आहे ते त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

मेधाताई कर्वेनगरला भाड्याच्या घरात राहतात. वय चाळिशीच्या आसपास, एका खासगी शाळेत शिक्षिका. त्यांचे यजमान संदीप भोसरीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. दोघांची आयकर विवरणपत्रं बरीच वर्षं माझ्याकडे असतात. २०२५च्या मे महिन्यात त्यांनी धायरीतल्या एका प्रकल्पात दोन बेडरूमचा फ्लॅट नक्की केला. किंमत ५८ लाख, त्यातले ४२ लाख गृहकर्जातून उभे करायचे. दोन लाख बुकिंगचे देऊन झाले होते आणि ४५ दिवसांत करारनामा नोंदवायचा असं ठरलं होतं. कर्ज दोघांच्या नावावर घ्यायचं होतं, कारण एकट्या संदीपच्या पगारावर बँक २८ लाखांच्या वर जात नव्हती.

मेधाताईंनी आजवर एकच कर्ज काढलं होतं, २०१७ साली स्कूटरसाठी. ते वेळेत फिटलं होतं. क्रेडिट कार्ड नाही, उधारी नाही. त्यामुळे गृहकर्जाचा अर्ज भरताना स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांचा आणि परतफेडीचा लेखाजोखा, आधी बघून घ्यावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

समस्या

१२ जूनला बँकेतून फोन आला की मेधाताईंच्या नावावर दोन पर्सनल लोन थकलेली आहेत आणि सिबिलचा क्रेडिट स्कोअर ६१२ आहे. आधी ते मिटवा, मग पुढचं बोलू. बँकेच्या माणसाने हे सहज सांगितलं, कारण त्याला अशी थकबाकी रोज दिसते. मेधाताईंना मात्र काही सुचेना. घरी संदीपने पहिला प्रश्न विचारला तो असा: "माहेरच्या कुणासाठी घेतलं होतंस का?" त्या प्रश्नाचा ताण पुढे आठवडाभर घरात होता. अशा गुन्ह्यात सगळ्यांत आधी घरातला विश्वास डळमळतो. प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी संदीपला समोर बसवलं आणि रिपोर्टचं एकेक पान दोघांना वाचून दाखवलं.

रिपोर्टमध्ये दोन कर्जं होती. एक १८,००० रुपयांचं, जानेवारी २०२५च्या शेवटी घेतलेलं. दुसरं ४२,००० रुपयांचं, फेब्रुवारीतलं. दोन्ही मोबाइल ॲपवरून कर्ज देणाऱ्या वेगवेगळ्या वित्त कंपन्यांची. दोन्हींचा एकही हप्ता भरलेला नव्हता. नाव, जन्मतारीख आणि पॅन मेधाताईंचं. पण संपर्काच्या रकान्यात दोन मोबाइल क्रमांक होते, त्यातला नवा त्यांचा नव्हता. पत्त्यांच्या रकान्यात सर्वांत वर दुसऱ्या राज्यातल्या एका जिल्ह्याच्या गावाचा पत्ता होता, जिथे घरातलं कुणी कधी गेलेलं नव्हतं. हे दोन रकाने बघितल्यावर संदीपची शंका फिटली. लोक रिपोर्ट उघडतात आणि फक्त स्कोअर बघतात. खरी माहिती या कंटाळवाण्या रकान्यांत असते.

इथे चोरीला नेमकं काय गेलं होतं, हे समजून घ्यायला हवं. पॅन हा दहा खुणांचा क्रमांक आहे: पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. तो गुप्त राहावा अशी त्याची रचनाच नाही. मालक एकटाच असलेल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक घ्या. पंधरा खुणांतल्या पहिल्या दोन राज्याच्या, महाराष्ट्रासाठी २७, आणि त्यापुढच्या दहा म्हणजे थेट त्या मालकाचा पॅन. तो रोज प्रत्येक बिलावर छापला जातो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी नोकरदार भाडेकरू घरमालकाचा पॅन कंपनीत देतो. हिंजवडी, खराडीत नोकरी करणाऱ्यांचे किती घरमालक या शहरात आहेत आणि त्यांचे पॅन किती कार्यालयांच्या संगणकांत पडून आहेत, याचा विचार करा. आधारला निदान झाकलेली प्रत मिळते, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बायोमेट्रिक कुलूप लावता येतं, क्रमांकाऐवजी सोळा आकड्यांचा व्हीआयडी, म्हणजे आभासी क्रमांक, वापरता येतो. पॅनला यातलं काहीच नाही.

म्हणून "माझा पॅन बाहेर गेलाच कसा?" या प्रश्नात मेधाताईंनी स्वतःला दोष देऊ नये, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. पॅन बाहेर असणारच. तो ठाऊक असलेल्या कोणत्याही अनोळखी माणसाला कर्ज देणाऱ्या कंपनीने ओळख पटवण्याचं आपलं काम नीट केलं नाही, ही इथली मूळ चूक आहे. सगळ्या पत्रव्यवहारात आम्ही हीच भूमिका धरली.

समोर असलेले पर्याय

मेधाताईंनी घाबरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला होता. दुसऱ्याच दिवसापासून वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले, कारण आता त्यांचा खरा नंबर कंपनीकडे पोहोचला होता. त्याने दोन दिवसांत एक प्रस्ताव दिला: व्याज, दंड आणि मुद्दलाचा बराचसा भाग सोडतो, ११,४०० रुपये भरा, आठ दिवसांत एनओसी (ना-हरकत पत्र) देतो.

घरात याच पर्यायाकडे सर्वांत जास्त ओढा होता. संदीपचं म्हणणं साधं होतं: "सर, ५८ लाखांचं घर अकरा हजारांसाठी कशाला अडकवायचं? भरून टाकू." त्यांच्या जागी कुणालाही हेच वाटलं असतं. मी विरोध केला त्याला तीन कारणं होती. पैसे भरले की कर्ज आपलंच होतं असं मान्य केल्यासारखं होतं, आणि नंतर फसवणुकीची तक्रार उभी राहत नाही. दुसरं म्हणजे तडजोड करून मिटवलेलं खातं रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' म्हणून नोंदलं जातं, 'क्लोज्ड' म्हणून नाही, आणि गृहकर्ज देणारी बँक त्या शेऱ्याकडे वाईटच नजरेने बघते. म्हणजे पैसेही गेले आणि कामही झालं नाही. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. ज्या पॅनवर एकदा पैसे सुटले, त्या पॅनवर पुन्हा कर्ज काढायला चोराला काहीच अडचण नसते.

दुसऱ्या बँकेत अर्ज करून बघावा, असं मेधाताईंच्या भावाने सुचवलं. रिपोर्ट तोच दिसणार होता, आणि प्रत्येक नव्या अर्जाची चौकशी नोंदली जाऊन स्कोअर आणखी खाली आला असता. तो पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

नवा पॅन काढण्याची कल्पना बऱ्याच लोकांना सुचते. एका व्यक्तीला दोन पॅन बाळगता येत नाहीत. त्यासाठी १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जुन्या पॅनवरची थकबाकी जुन्या पॅनवरच राहते.

एकट्या संदीपच्या नावावर कर्ज घ्यायचं तर १४ लाखांचा खड्डा पडत होता. तो भरायला गावाकडची जमीन किंवा दागिने, आणि त्याला मेधाताई तयार नव्हत्या.

राहिला तो लेखी तक्रारीचा मार्ग. यात वेळ जाणार हे उघड होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार क्रेडिट माहितीबद्दलची तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची असते. कर्ज देणाऱ्या संस्थेने त्यातल्या पहिल्या २१ दिवसांत आपलं उत्तर क्रेडिट कंपनीकडे, म्हणजे रिपोर्ट तयार करणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीकडे, पाठवायचं, आणि मुदत ओलांडली तर तक्रारदाराला रोज १०० रुपये भरपाई मिळते. करारनाम्याची मुदत मात्र जूनच्या अखेरीस संपत होती. मेधाताईंनी एक दिवस विचार केला आणि सांगितलं, "मी घेतलंच नाही तर एक रुपयाही देणार नाही. फ्लॅट गेला तर दुसरा बघू." पुढचं सगळं या वाक्यावर उभं राहिलं.

केलेली कार्यवाही

पहिलं काम काय करायचं हे ठरवताना आम्ही एकच कसोटी लावली: कोणता पुरावा आपोआप नाहीसा होणार आहे? आधारच्या पोर्टलवर स्वतःच्या प्रमाणीकरणाचा इतिहास, म्हणजे आधारवरून आपली ओळख कधी कधी तपासली गेली याची यादी, बघता येतो, पण फक्त मागच्या सहा महिन्यांचा. जानेवारीच्या शेवटचं कर्ज अजून त्या खिडकीत होतं. आणखी दीड महिना गेला असता तर नसतं. तो इतिहास त्याच संध्याकाळी उतरवून घेतला. जानेवारी आणि फेब्रुवारीत एकही प्रमाणीकरण नव्हतं, ना अंगठ्याचं ना ओटीपीचं. याचा अर्थ कंपन्यांनी आधारची खरी तपासणी केलीच नव्हती, नुसत्या कागदाच्या फोटोवर काम भागवलं होतं. पुढे हा एक कागद सर्वांत उपयोगी पडला.

मग सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून रिपोर्ट काढले. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे खर्च आला नाही. पॅनवरचे आर्थिक व्यवहार दाखवणारं आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण तपासलं, जीएसटीच्या पोर्टलवर पॅन टाकून कुणी नोंदणी काढली आहे का ते पाहिलं, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर मेधाताईंच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहिलं. तिन्हीकडे वावगं काही सापडलं नाही, आणि ते कळणंही गरजेचं होतं.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. १९३० हा हेल्पलाइन क्रमांक मुख्यतः खात्यातून पैसे गेले असतील तेव्हा ते वाटेत थांबवण्यासाठी असतो. इथे मेधाताईंच्या खात्यातून काहीच गेलेलं नव्हतं, म्हणून पोर्टलवरची सविस्तर तक्रार योग्य ठरली. दुसऱ्या दिवशी त्याच मजकुराचा अर्ज पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६सी कलम, म्हणजे दुसऱ्याच्या ओळखीचा अप्रामाणिक वापर, आणि ६६डी कलम, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक, यांचा उल्लेख केला. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो, म्हणून अर्ज पुढे सायबर शाखेकडे जाईल असं ठाण्यात सांगितलं गेलं.

१६ जूनला चारही क्रेडिट कंपन्यांकडे तक्रारी गेल्या आणि त्याच दिवशी दोन्ही वित्त कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल गेले. या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असणं डिजिटल कर्ज देणाऱ्यांना सक्तीचं आहे. ग्राहक सेवेच्या नंबरवर बोलण्यापेक्षा तिथे लिहिणं केव्हाही चांगलं. ईमेलमध्ये 'मी निर्दोष आहे' या अर्थाचं काही लिहिलं नाही. फक्त मागणी केली: कर्जाचा करार द्या, ओळखीसाठी घेतलेल्या कागदांच्या प्रती द्या, सेल्फी द्या, ओटीपी कोणत्या मोबाइलवर गेला ते सांगा आणि कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली ते सांगा.

शेवटची मागणी कळीची होती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये डिजिटल कर्जांसाठी जे नियम काढले, त्यांनुसार रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा करावी लागते. काही ठरावीक अपवाद आहेत, ते इथे लागू नव्हते. खातं मेधाताईंचं नसेल तर कंपनी स्वतःच्याच कागदांवरून उघडी पडणार होती. मेधाताईंच्या दोन्ही बँक खात्यांचे जानेवारी ते मार्चचे उतारे आम्ही सोबत जोडले.

बिल्डरला पत्र लिहून पोलिसांच्या पोचेची प्रत दिली आणि महिनाभर मुदत मागितली. ती मिळाली.

पहिल्या कंपनीने वाद घातला नाही. तीन आठवड्यांत उत्तर आलं की अंतर्गत तपासणीत खातं संशयास्पद आढळलं, नोंद काढत आहोत. दुसऱ्या कंपनीचं उत्तर २ जुलैला आलं, एका ओळीचं: आपली केवायसी पडताळणी झालेली असल्याने कर्ज आपलेच आहे, थकबाकी भरावी. एकही कागद सोबत नव्हता.

हे उत्तर वाचून मेधाताई खचल्या. पण ते उत्तर एका अर्थी सोयीचं होतं. बँका आणि वित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी संस्थेला ३० दिवस द्यावे लागतात, मात्र संस्थेने तक्रार फेटाळली तर थांबण्याची गरज उरत नाही. आम्ही ४ जुलैला लोकपालाच्या पोर्टलवर तक्रार टाकली. त्यात कागद न देता कर्ज लादलं जात आहे हा मुद्दा सर्वांत वर घेतला आणि आधार प्रमाणीकरणाचा कोरा इतिहास जोडला. वसुलीवाल्याचे फोन चालूच होते. त्याला मेधाताईंनी एकच उत्तर द्यायचं ठरवलं: "लोकपालाकडे तक्रार आहे, क्रमांक लिहून घ्या, पुढचं लेखी कळवा." शाळेच्या मधल्या सुट्टीत फोन आला तरी हेच वाक्य. प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ मेधाताई वहीत टिपून ठेवत होत्या.

ऑगस्टच्या मध्यावर, लोकपाल कार्यालयाने विचारणा केल्यावर, कंपनीने फाइल पाठवली. ती आम्ही माझ्या कार्यालयात मोठ्या पडद्यावर उघडली. सेल्फीत पंचविशीची एक अनोळखी मुलगी. पॅन कार्डावर मेधाताईंचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, क्रमांक सगळं बरोबर. फोटो मात्र त्या सेल्फीतल्या मुलीचा. फोटोभोवती पांढरट चौकट दिसत होती, आणि मूळ कार्डाची जी झेरॉक्सची करडी छटा होती ती फोटोच्या जागी अचानक तुटत होती. मन लावून बघणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे सुटलं नसतं. रक्कम ज्या खात्यात गेली त्याच्या खातेदाराचं नाव नुसतंच 'मेधा' होतं, आडनाव नाही. नाव जुळतं का, ही तपासणी तेवढ्यावर पार पडली होती.

आणि पानाच्या तळाशी, कार्डाच्या खाली, एक सही होती. मेधाताई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या. सही त्यांचीच होती, पण जुनी. २०२१ साली बँकेत नमुना सही बदलल्यापासून तशी सही त्या करत नाहीत. म्हणजे चोराने वापरलेली प्रत ही त्याआधी कुठेतरी त्यांनी स्वतः साक्षांकित करून दिलेली झेरॉक्स होती.

निष्पत्ती

दुसऱ्या कंपनीने २९ ऑगस्टला कर्जाची नोंद काढली. तक्रारीपासून ७४ दिवस झाले होते. ३० दिवसांनंतरच्या ४४ दिवसांचे ४,४०० रुपये मेधाताईंच्या खात्यात जमा झाले. आपण मुदतीत उत्तर दिलं होतं असं कंपनीचं म्हणणं होतं, पण पुराव्याविना नाकारणं म्हणजे निकाली काढणं नव्हे, हा मुद्दा आम्ही सोडला नाही. सप्टेंबरमध्ये स्कोअर ७५०च्या पुढे गेला आणि गृहकर्ज मंजूर झालं.

तोटा झालाच. बिल्डरने जुलैअखेर दिलेली मुदत पुन्हा वाढवली नाही. ठरवलेला फ्लॅट दुसऱ्याला गेला. बुकिंगची रक्कम त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटकडे वळवून घेतली, पण दर वाढलेला होता आणि दीड लाख जास्त मोजावे लागले. हे पैसे भरून मिळण्याचा कोणताही सोपा मार्ग नाही. दिवाणी दावा लावावा का, यावर आमची चर्चा झाली आणि कुटुंबाने नको म्हटलं. मला तो निर्णय पटतो. शाळा सांभाळून वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा करणं सोपं नाही.

सेल्फीतली मुलगी सापडलेली नाही. ती स्वतः चोर आहे की तिचाही फोटो कुणी वापरला, हेही ठरलेलं नाही. खात्याचा तपशील आणि फाइल पोलिसांना दिली आहे, तपास चालू आहे.

प्रत कुठून गेली, याचा शोध चार ठिकाणांपर्यंत आला: जुन्या शाळेत रुजू होतानाचे कागद, २०१९चा भाडेकरार, गॅस जोडणीचं हस्तांतर आणि म्युच्युअल फंडाच्या एजंटला दिलेली केवायसी. संदीपचा सगळा रोख भाडेकराराच्या एजंटवर होता. त्याला जाब विचारायला निघालेल्या संदीपला मी थांबवलं. चारांपैकी कोणतीही जागा असू शकते, किंवा या चारांनी जिथून झेरॉक्स काढली ते दुकानही. पुराव्याशिवाय एका माणसावर बोट ठेवणं चुकीचं ठरलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

त्या झेरॉक्सवर सहीबरोबर 'फक्त भाडेकरारासाठी' किंवा 'फक्त गॅस जोडणीसाठी' असं लिहून तारीख घातलेली असती, तर प्रत कुठून फुटली हे आज कळलं असतं. असं लिहिल्याने बनावट थांबत नाही. ज्याला फोटो बदलता येतो त्याला ओळ पुसताही येते. पण मजकूर कार्डाच्या चित्रावरूनच तिरका लिहिला तर पुसायला कठीण जातो, आणि घाईत काम करणारा चोर बहुधा सोपी प्रत निवडतो. नुसती सही करून तारीख न घालता दिलेली झेरॉक्स ही कोऱ्या चेकसारखी असते.

झेरॉक्सच्या दुकानांबद्दल मला फार काळजी वाटते. कॉलेजांच्या आसपासच्या कुठल्याही गजबजलेल्या दुकानात गिऱ्हाईक आधार आणि पॅन दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतं, "दादा, दोन प्रती काढा" म्हणतं आणि निघून जातं. फाइल त्या संगणकाच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहते, आधीच्या शेकडो फाइलींसोबत. दुकानदार प्रामाणिक असला तरी तो संगणक दिवसभर दहा लोकांच्या हातांखालून जातो. पेनड्राइव्ह नेणं, किंवा प्रिंट निघाल्यावर आपल्यासमोर फाइल पुसायला सांगणं, एवढं करता येतं. मी आता अशिलांना घरच्या स्वस्त प्रिंटरचाच आग्रह करतो.

मेधाताईंनी सुरुवातीला घाबरून ग्राहक सेवेला केलेला फोन टाळता आला असता. त्या फोनमुळे वसुलीवाल्यांना त्यांचा नंबर मिळाला आणि बदल्यात हाती काही आलं नाही. आधी रिपोर्ट, मग पुरावे, मग लेखी पत्र, हा क्रम जास्त सुरक्षित.

पहिल्या कंपनीने कर्जाची नोंद काढली, पण कर्ज देण्यापूर्वी केलेली चौकशी, खोटा पत्ता आणि खोटा मोबाइल क्रमांक रिपोर्टमध्ये तसेच राहिले. आमच्या पहिल्या तक्रारीत फक्त कर्ज खात्याचा उल्लेख होता. दुसऱ्या फेरीत खातं, चौकशी, पत्ता आणि मोबाइल अशा चार नोंदींची स्वतंत्र मागणी केली तेव्हा रिपोर्ट खरा स्वच्छ झाला. त्यात तीन आठवडे गेले. खोटा मोबाइल क्रमांक तसाच राहिला असता तर पुढच्या सूचनाही त्याच नंबरवर जाण्याचा धोका होता, म्हणून ही बाब बारीक नाही.

सर्वांत मोठा फरक पडला असता तो वेळेमुळे. २०२५च्या जानेवारीपासून कर्ज देणाऱ्या संस्थांना दर पंधरवड्याला क्रेडिट कंपन्यांकडे माहिती पाठवावी लागत होती. म्हणजे जानेवारीच्या शेवटचं कर्ज फेब्रुवारीतच रिपोर्टमध्ये दिसू लागलं असणार. चार कंपन्यांचे चार मोफत रिपोर्ट वर्षभरात तीन-तीन महिन्यांच्या अंतराने काढले असते, तर पहिलं कर्ज मार्च-एप्रिलमध्ये लक्षात आलं असतं आणि फ्लॅटच्या बुकिंगआधीच तक्रारीला सुरुवात झाली असती. गृहकर्जाच्या विचारात असलेल्या प्रत्येक अशिलाला आता मी बुकिंगच्या निदान चार महिने आधी रिपोर्ट काढायला लावतो.

ऑक्टोबरमध्ये कर्वेनगरच्या घराचा भाडेकरार संपत होता. नव्या एजंटने नेहमीप्रमाणे आधार आणि पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर मागितले. ऑनलाइन भाडेकराराच्या नोंदणीत दोन्ही पक्षांचा अंगठा आणि फोटो समोरासमोर घेतला जातो, त्यासाठी एजंटच्या फोनमध्ये कार्डाचे फोटो असण्याची गरज नसते. मेधाताईंनी त्याला घरी बोलावलं, कार्डं हातात धरून आकडे वाचून दाखवले आणि त्याने ते लॅपटॉपवर टाइप केले. मालकीणबाईंना त्यांच्या फाइलसाठी एक प्रत हवी होती; त्यांना आधारची झाकलेली प्रत आणि पॅनची झेरॉक्स दिली, तिच्यावरून तिरकं लिहिलेलं: 'फक्त भाडेकरार, कर्वेनगर, ऑक्टोबर २०२५'.